उदास तारांचं गाव

गिटारच्या चार तारा थोड्या सैल करा आणि नुसत्या छेडा. जो सूर ऐकू येईल, त्याचा पत्ता आहे बेंटोनिया, मिसिसिपी. जेमतेम काहीशे वस्तीच्या या गावानं एक ट्यूनिंग शंभर वर्षं जपलंय... कागदावर न लिहिता!

गिटारच्या क्लासला पहिल्या दिवशी काय शिकवतात? गाणं नाही, कॉर्डही नाही. तारा जुळवायला शिकवतात. ई, ए, डी, जी, बी, ई. कॉलेजच्या कट्ट्यावरचा हीरो असो की पबमध्ये वाजवणारा बँड, बहुतेक सगळे हीच रांग पाठ करतात आणि पुढे कधी प्रश्न विचारत नाहीत. कीबोर्डवर क्यूच्या शेजारी डब्ल्यूच का, हे तरी आपण कुठे विचारतो?

पण या रांगेत एक गोची आहे. तारा नुसत्या छेडल्या तर कॉर्ड वाजत नाही. बोटं दाबावीच लागतात. म्हणून काही वादक तारा वेगळ्याच जुळवतात. डावा हात खिशात घाला, उजव्या हातानं झणकारा, तरी आख्खी कॉर्ड वाजली पाहिजे! याला म्हणतात ओपन ट्यूनिंग. यातली बहुतेक ट्यूनिंग्ज मेजर कॉर्डची असतात, म्हणजे मोकळी, उजळ. मायनरची मात्र अगदी मोजकी. हात लावायच्या आधीच गिटार उदास? असं कोण कशाला करेल?

बेंटोनियाच्या लोकांनी केलं. नुसतं केलं नाही, तर त्यातून ब्लूजचं एक अख्खं घराणं उभं केलं. हो, आपण किराणा, ग्वाल्हेर म्हणतो ना, तसंच घराणं. जाणकार त्याला ‘बेंटोनिया स्कूल’ म्हणतात. शाळेची इमारत नाही, फी नाही, सर्टिफिकेट नाही. गुरूच्या शेजारी बसायचं आणि त्याच्या हातांकडे बघायचं, एवढाच सिलॅबस!

जॅक्सनहून निघा...

मिसिसिपीची राजधानी जॅक्सन. बेंटोनियाला जायचं तर इथूनच. पण हायवेला लागण्याआधी शहरातल्या फॅरिश स्ट्रीटवर एक चक्कर मारा. वर्णभेदाच्या काळात हा रस्ता म्हणजे इथल्या कृष्णवर्णीयांची बाजारपेठ होती. दुकानं, थिएटर, खाणावळी, सगळं इथेच. याच रस्त्यावर एच. सी. स्पीअर नावाच्या गोऱ्या व्यापाऱ्याचं म्युझिक स्टोअर होतं. गावोगावचे गायक त्याच्याकडे यायचे, गाऊन दाखवायचे आणि ज्याचं गाणं पसंत पडेल त्याला तो रेकॉर्ड कंपनीकडे पाठवायचा. १९३१ साली बेंटोनियाचा एक तरुण त्याच्यासमोर गिटार घेऊन बसला. नाव नेहेमाया कर्टिस जेम्स, पण सगळे म्हणायचे स्किप. त्याच्याकडे आपण परत येऊच.

आता यूएस ४९ हायवे पकडा. वायव्येकडे साधारण पन्नास किलोमीटर. म्हणजे पुण्याहून लोणावळ्याला जायच्या आधीच पोचलात! वाटेत फ्लोरा नावाचं छोटं गाव लागतं. पुढे रस्त्याच्या कडेला झाडांवर हिरवी चादर टाकल्यासारखं काहीतरी दिसतं. हा कुडझू. जपानहून आणलेला वेल, जो इथे असा काही माजला की झाडं, खांब, पडकी घरं, सगळं गिळत सुटला.

ब्लूज म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी येतो मिसिसिपी डेल्टा. नजर जाईल तिथपर्यंत सपाट, कापसाचा मुलूख. पण बेंटोनिया डेल्टात नाही. ते आहे डेल्टाच्या अलीकडे, टेकड्यांच्या बाजूला. सपाट डेल्टा सुरू होतो तो आणखी पुढे, यझू सिटीपाशी. हा फरक गाण्यातही ऐकू येतो. डेल्टातला ब्लूज बहुतेक वेळा दणकून ठेका धरतो, तारेवर काचेची किंवा लोखंडाची नळी घासून गिटारला बोलायला लावतो. बेंटोनियाचा ब्लूज मात्र रात्री अंगणात एकट्यानं गुणगुणल्यासारखा. नळी नाही, घाई नाही. बोटांनी एकेक तार सुटी छेडायची आणि वर उंच, पातळ, जवळजवळ विव्हळणारा आवाज.

रुळांच्या शेजारचं निळं-पांढरं घर

गावात ‘साइट सीइंग’ करण्यासारखं फारसं काही नाही, हे आधीच सांगून टाकते. रेल्वेचे रूळ, थोडी घरं, काही बंद दुकानं. आणि रुळांच्या शेजारी सिमेंटच्या ठोकळ्यांची एक बसकी इमारत, ब्लू फ्रंट कॅफे.

‘कॅफे’ या शब्दावरून कापुचिनो डोळ्यांसमोर आणू नका. हा ज्यूक जॉइंट. दिवसभर शेतात राबलेल्या कृष्णवर्णीय मजुरांची संध्याकाळची जागा. खायचं, प्यायचं, नाचायचं, पत्ते कुटायचे आणि कुणाच्या हातात गिटार असेल तर ऐकायचं. कॅरी आणि मेरी होम्स या जोडप्यानं तो १९४८ मध्ये सुरू केला. बफेलो फिश नावाचा तळलेला मासा, ब्लूज आणि चोरून गाळलेली दारू, या तीन गोष्टींसाठी ब्लू फ्रंटची ख्याती होती. मिसिसिपीत टिकून राहिलेला सगळ्यात जुना ज्यूक जॉइंट म्हणून आज तो ओळखला जातो.

जवळच कापसाचं जिन होतं. विदर्भ-खानदेशातल्या वाचकांना जिनिंग म्हणजे काय हे समजावून सांगायला नको! कापसाच्या हंगामात जिन रात्रंदिवस चालायचं आणि पाळ्या बदलून येणाऱ्या मजुरांसाठी कॅफेही उघडा राहायचा. शेतमजुरी, वर्णभेदाचे कायदे, कर्ज आणि शनिवारची एक रात्र, हे सगळं मिळून या भागातला ब्लूज बनला. गिटारच्या तारा उदास का जुळवायच्या, या प्रश्नाचं थोडं उत्तर इथेच उभं राहून मिळतं. पण पूर्ण नाही.

फ्रान्समधून आलेली जुळवणी?

कारण गंमत अशी, की हे ट्यूनिंग मुळात बेंटोनियाचं आहे की नाही, हीच शंका आहे.

बेंटोनियाच्या घराण्यातलं सगळ्यात जुनं नाव म्हणजे हेन्री स्टकी. जन्म एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांतला. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकी सैन्याबरोबर फ्रान्सला गेला. तिथे त्याला काही कृष्णवर्णीय सैनिक भेटले, बहामा बेटांवरचे. त्यांच्या गिटारी वेगळ्याच जुळवलेल्या होत्या. स्टकीनं ती जुळवणी उचलली आणि युद्ध संपल्यावर गावी आणली, अशी ही कथा.

म्हणजे बघा! अटलांटिक महासागरातल्या बेटांवरची गोष्ट, युरोपातल्या युद्धात कुणीतरी कुणाला दाखवली आणि मिसिसिपीच्या टेकड्यांत येऊन ती ‘लोकल’ झाली.

आणि हे काही एकमेव उदाहरण नाही. ब्लूजवाले डी मेजरच्या ओपन ट्यूनिंगला ‘व्हेस्टापोल’ म्हणतात. हा शब्द आला क्रिमियातल्या सेव्हास्टोपोल शहरावरून! १८५४-५५ मध्ये त्या शहराला वेढा पडला होता. पुढे हेन्री वॉरल नावाच्या अमेरिकी गिटारवादकानं त्यावर एक धून रचली, तिच्यासाठी गिटार ओपन डीमध्ये लावावी लागायची. धूनेच्या छापील प्रती घरोघरी गेल्या, धून विसरली गेली आणि शहराचं मोडकंतोडकं नाव तेवढं ट्यूनिंगला चिकटून राहिलं. व्हेस्टापोल आणि बेंटोनियाचं मायनर ट्यूनिंग यांत फरक किती? फक्त एका तारेचा, तोही फक्त एका फ्रेटचा.

तर आता गिटार काढा

हो, ती कपाटाच्या वर ठेवलेलीच! पहिल्या पगारात घेतलेली आणि दुसऱ्या अप्रेझलनंतर विसरलेली.

जाड तारेपासून मोजायचं. सहावी तार ई वरून डी, म्हणजे दोन फ्रेट खाली. पाचवी ए आणि चौथी डी, या दोघींना हात लावायचा नाही. तिसरी जी वरून एफ. दुसरी बी वरून ए. पहिली ई वरून डी. झालं! डी-ए-डी-एफ-ए-डी. चार तारा दोन-दोन फ्रेट खाली आणि दोन जागच्या जागी. मोबाइलवर ट्यूनर असेल तर पाच मिनिटांचं काम.

ट्यूनर नसेल तर कानानं तपासा. सहाव्या तारेचा सातवा फ्रेट म्हणजे मोकळी पाचवी. पाचवीचा पाचवा म्हणजे मोकळी चौथी. चौथीचा तिसरा म्हणजे मोकळी तिसरी. तिसरीचा चौथा म्हणजे मोकळी दुसरी. दुसरीचा पाचवा म्हणजे मोकळी पहिली. सात-पाच-तीन-चार-पाच, फोन नंबरसारखं लक्षात ठेवा.

हेच ट्यूनिंग दोन फ्रेट वर चढवलं की ई मायनर होतं, ई-बी-ई-जी-बी-ई. तिथे फक्त पाचवी आणि चौथी तार वर ओढायची. बेंटोनियात दोन्ही चालतात. पण तारा जुन्या असतील तर ओढण्यापेक्षा सैल करणं बरं. अगदी बारीक तारा असतील तर मात्र सैल केल्यावर खडखडतात, त्यामुळे थोड्या जाड तारांचा सेट लावलात तर उत्तम.

आता झणकारा. डी मायनर. पाचव्या फ्रेटवर एक बोट आडवं टाका, जी मायनर. सातव्यावर टाका, ए मायनर. आणि आता खरी गंमत. सगळ्या तारा मोकळ्या ठेवा आणि फक्त तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर एक बोट दाबा. डी मेजर! बोट उचललं की अंधार, दाबलं की उजेड. खोलीतल्या दिव्याचं बटण जणू तुमच्या बोटाखाली आलंय. स्किप जेम्स या ट्यूनिंगला ‘क्रॉस-नोट’ म्हणायचा. मायनरमधून मेजरमध्ये असं आडवं ओलांडून जाता येतं म्हणून हे नाव, असा त्याचा एक अर्थ लावतात.

दोन गंधारांची गोष्ट

घरी कुणी शास्त्रीय शिकलेलं असेल, आई, आत्या, आजोबा, तर त्यांना ही गिटार ऐकवा. डीला सा माना. मग सहा तारा होतात सा, प, सा, कोमल ग, प, सा. म्हणजे जवळजवळ तानपुराच, फक्त मध्ये एक कोमल गंधार बसलेला! आणि पहिल्या फ्रेटवर बोट ठेवलं की तोच गंधार शुद्ध. दोन्ही गंधार एकाच तारेवर, बोटभर अंतरावर. आजोबा लगेच म्हणतील, ‘अरे, हा तर जोग!’ जोग रागात चढताना शुद्ध गंधार, उतरताना कोमल. बेंटोनियाच्या लोकांनी जोग ऐकलेला नव्हता आणि त्यांचं संगीत रागसंगीतही नाही. पण एकाच सुराची दोन रूपं समोरासमोर ठेवली की काळजात काय होतं, हे दोन्हीकडच्या लोकांना नक्की कळलं होतं.

याहून भारी गोष्ट पुढे आहे. तानपुरा नीट जुळला की न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. आपल्याकडे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कारण खर्जाच्या तारेच्या पोटात तिच्याच पाचपट कंपनांचा एक बारीक सूर दडलेला असतो, आणि तो असतो शुद्ध गंधार. आता गिटारकडे या. जाड डीची तार छेडली की तिच्यातूनही तोच शुद्ध गंधार हलकेच डोकं वर काढतो. आणि तिसरी तार त्याच क्षणी म्हणत असते कोमल गंधार! दोघांचं अगदी हळू आवाजात भांडण सुरू. म्हणून हे ट्यूनिंग नुसतं उदास वाटत नाही, अस्वस्थ वाटतं. रात्री घरात कुणीतरी जागं आहे, असं. कान देऊन ऐका, एकदा कळलं की विसरता येत नाही.

खुर्च्यांच्या कंपनीनं काढलेली रेकॉर्ड

आता स्किप जेम्स. जन्म १९०२, वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. स्टकीकडून त्यानं हे ट्यूनिंग घेतलं. जॅक्सनला स्पीअरनं त्याला पसंत केलं आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये त्याला थेट उत्तरेला, विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला धाडलं. तिथे पॅरामाउंट कंपनीचा स्टुडिओ होता. ही कंपनी कुणाची? विस्कॉन्सिन चेअर कंपनीची. खुर्च्या बनवणाऱ्यांची! ते ग्रामोफोनच्या लाकडी पेट्याही बनवायचे, आणि पेट्या खपायच्या तर तबकड्या हव्यात, असा सरळ हिशेब.

जेम्सनं गिटारवर आणि पियानोवर गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यातली अठरा बाहेर आली. पण तो काळ महामंदीचा. रेकॉर्ड विकत घ्यायला पैसा कुणाकडे होता? तबकड्या खपल्या नाहीत, थोड्याच दिवसांत कंपनीही बुडाली. जेम्सनं ब्लूज सोडला आणि वडिलांच्या वाटेनं चर्चकडे वळला. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा होता तो तेव्हा. आपल्यातल्या अनेकांच्या वयाचा.

मग तेहेतीस वर्षं शांतता. १९६४ च्या जूनमध्ये जॉन फाही, बिल बार्थ आणि हेन्री व्हेस्टीन हे तीन तरुण गिटारवेडे त्याला शोधत मिसिसिपीत आले. तो सापडला ट्युनिकाच्या हॉस्पिटलमध्ये. त्याच वर्षी जुलैमध्ये हा माणूस न्यूपोर्ट फोक फेस्टिवलच्या स्टेजवर होता! १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनच्या ‘क्रीम’ बँडनं त्याचं ‘आय ॲम सो ग्लॅड’ पहिल्याच अल्बममध्ये घेतलं. १९६९ मध्ये जेम्स गेला. पुढे २००१ च्या ‘घोस्ट वर्ल्ड’ सिनेमात त्याचं १९३१ चं ‘डेव्हिल गॉट माय वूमन’ वाजलं आणि एका नव्या पिढीनं विचारलं, कोण हा?

जे गेलेच नाहीत

पण बेंटोनियात उभं राहिलं की जेम्सपेक्षा दुसऱ्यांचा विचार जास्त येतो. जे कुठे गेले नाहीत त्यांचा.

स्टकीचंच बघा. ज्यानं हे सगळं गावात आणलं, त्याची एकही रेकॉर्ड बाजारात आली नाही. १९६६ मध्ये तो गेला. तो कसा वाजवायचा हे आज कुणालाही ऐकता येत नाही. ते फक्त दुसऱ्यांच्या बोटांत उरलंय.

जॅक ओवेन्स हा जेम्सच्याच पिढीतला. शेती केली, दारू गाळली, स्वतःचा ज्यूक जॉइंट चालवला. संशोधक डेव्हिड इव्हान्सनं १९६६ मध्ये त्याचं गाणं टेप केलं, तेव्हा ओवेन्स साठीला टेकला होता. जेम्सचं आणि त्याचं ट्यूनिंग एक, काही गाण्यांचं मूळही एक, पण दोन्ही ऐकलीत तर फरक कळतो. जेम्सचं नाजूक, कोरीव. ओवेन्सचं रांगडं, पाय आपटत केलेलं, लांबतच जाणारं. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या लोककलावंतांचा मोठा सन्मान, नॅशनल हेरिटेज फेलोशिप, त्याला मिळाला. १९९७ मध्ये तो गेला.

आणि तिसरा, जिमी ‘डक’ होम्स. कॅरी आणि मेरीचा मुलगा, जन्म १९४७. लहानपणी त्यानं स्टकीला वाजवताना पाहिलं. १९७० मध्ये ब्लू फ्रंट त्याच्या हातात आला. ओवेन्स त्याच्याबरोबर बसायचा आणि शिकवायचा, पण पुस्तकी भाषेत नाही. माझा हात बघ, तसं कर. होम्सचा पहिला अल्बम ‘बॅक टू बेंटोनिया’ आला २००६ मध्ये, म्हणजे साठीच्या उंबरठ्यावर! २०१९ चा ‘सायप्रस ग्रोव्ह’ ‘द ब्लॅक कीज’च्या डॅन ऑरबाखनं प्रोड्यूस केला आणि त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. पंचविशीत प्रमोशन हुकलं म्हणून करिअर संपलं असं वाटणाऱ्यांनी ही तारीख लिहून ठेवावी.

साखळी मोजा. स्टकी, मग जेम्स आणि ओवेन्स, मग होम्स. शंभर वर्षांत गावातल्या या साखळीच्या ठळक कड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. यातली एक जरी निसटली असती तर? सूर उरले असतेच, डी-ए-डी-एफ-ए-डी लिहायला एक ओळ पुरते. पण अंगठा कुठे थांबवायचा, तार किती वेळ वाजू द्यायची, कोमल गंधारावरून बोट कधी सरकवायचं, हे त्या ओळीत नाही. ते शेजारी बसल्याशिवाय येत नाही.

म्हणून ब्लू फ्रंट म्हणजे म्युझियम नव्हे. होम्सनं कॅफेचं दार बाहेरच्या लोकांसाठी उघडं ठेवलं. जपान, युरोप, कुठून कुठून गिटारवाले तिथे आले आणि त्याच्या शेजारी बसले. काहींना वाटेल, गावाची गोष्ट अशी परक्यांना कशाला द्यायची? पण ती गावात आली तरी कशी होती? फ्रान्समध्ये, युद्धाच्या धामधुमीत, एका परक्यानं दुसऱ्या परक्याला हात दाखवला होता. बेंटोनियानं ती उधारी फेडली, इतकंच.

तेव्हा आज रात्री चार तारा सैल करून बघा. आवडलं, तर पुन्हा ई-ए-डी-जी-बी-ईवर यायची घाई करू नका. आठवडाभर गिटार तशीच राहू द्या. आणि कुणी घरी आलं, तर त्याला नोटेशन पाठवू नका. शेजारी बसवा.

जायचंच असेल तर...

कसं जाल: जॅक्सनला भारतातून थेट विमान नाही, अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या विमानतळावर विमान बदलावं लागतं. जॅक्सनहून भाड्याची गाडी घ्या, यूएस ४९ वरून तासाभराच्या आत बेंटोनिया.

कधी: गावाचा ब्लूज फेस्टिवल मेरी होम्सनं १९७२ मध्ये सुरू केला, तो जूनमध्ये असतो. त्या दिवसांत मुंबईसारखा घाम येतो, सुती कपडे न्या. तारखा आधी तपासा.

कुठे राहाल: गाव फारच छोटं आहे, जॅक्सन किंवा यझू सिटीला मुक्काम करा. यझू सिटीची रंगीबेरंगी रंगवलेली जुनी बाजारपेठ बघण्यासारखी आहे.

आधी ऐका: स्किप जेम्सची १९३१ ची ध्वनिमुद्रणं, जॅक ओवेन्सचा ‘इट मस्ट हॅव बीन द डेव्हिल’ आणि होम्सचा ‘सायप्रस ग्रोव्ह’. याच क्रमानं. हेडफोन लावून, दिवे मालवून!